प्रसादातला पॉझिट्रॉन

मी बुऱ्हाणपुरात बारावीला फिजिक्स शिकवते आणि माझं सासर केळीच्या व्यापाऱ्यांचं. परवा घरी सत्यनारायण होता. सासूबाई शिऱ्यासाठी परातीत केळी कुस्करत होत्या. पुतणीला अँटीमॅटर म्हणजे आकाशातलं काहीतरी वाटत होतं, म्हणून मी त्या परातीकडेच बोट दाखवलं. केळ्यात पोटॅशियम असतं. त्यातले मोजके अणू आपोआप बदलतात आणि क्वचित एखाद्यातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचं अँटीमॅटरमधलं जुळं भावंड, बाहेर पडतो. तो लगेच इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही किरणं होऊन संपतात. आपल्या शरीरातही हे रोज चालतं, कुणाला काही होत नाही, असंही मी सांगितलं.

ते शेवटचं कुणी ऐकलंच नाही. या घराला फक्त किरणं ऐकू आली. सासूबाईंनी दोनदा साबणाने हात धुतले, परात गाईपुढे गेली आणि प्रसाद बिनकेळ्याचा झाला. दीर तर पाहुण्यांना सांगत सुटले, "बरं झालं वहिनींनी टाइमावर सांगितलं."

आरतीनंतर मी पत्रावळी टाकायला मागे गेले. गोदामात तेच दीर कच्च्या केळ्यांच्या क्रेटमध्ये ती झटपट पिकवायच्या कार्बाइडच्या पुड्या खोचत होते. लसणासारखा उग्र दर्प नाकात शिरला.

"भाऊजी, हे खरं विष आहे," मी म्हणाले.

त्यांनी मानही वर केली नाही. "वहिनी, ही कुठं आपल्याला खायची आहेत?"