नापसंत नवरी

गाव सोडलं त्या दिवशी माझ्या दोन्ही हातांवर मेंदी होती, नखं लाल होती आणि डोळ्यांतलं काजळ निघता निघत नव्हतं. राळेगावच्या स्टँडवर कंडक्टरने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि तिकीट देऊन पुढे गेला. पुण्यात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. माय डब्याची पिशवी खिडकीतून आत सारत होती. बाबा मागे उभे होते. त्यांची गावात पिठाची चक्की, त्यामुळे भुवया बारमाही पांढऱ्या. म्हणाले, "हात खिशात ठेवजो. अन् तिकडं असले सोंगं करू नको."

तुमच्यापैकी जे आमच्या भागातले नाहीत त्यांना सांगायला हवं. धुळवडीला आमच्या गावात खोटं लग्न निघतं. माझा मित्र वसंता नवरदेव व्हायचा, कारण सायकल त्याची आणि गॉगलही त्याचाच. कपाळाला पळसाच्या फुलांचं बाशिंग. मागे कॅरिअरवर मी, नवरी. मायची हिरवी साडी, अंबाडीच्या दोरांची वेणी, तोंडाला पावडर म्हणून चक्कीतलं ज्वारीचं पीठ. मेंदी मात्र खरी, कारण शेजारच्या काकू त्याशिवाय साडीला पिना लावून देत नसत. पुढे तेलाचे रिकामे डबे बडवत सगळी पोट्टी. हे वऱ्हाड घरोघरी जायचं आणि नवरी दाखवायचं.

नियम एकच. घरधन्याने नवरी पसंत केली, तर ती त्या घरी राहणार आणि साऱ्या वऱ्हाडाला भजी खाऊ घालायची. म्हणून कोणीच पसंत करायचं नाही, खोट काढायची. "लय उंच हाय, छपराले लागन." "हिची चाल तं पाहा, बैल बरा." लोक वर्षभर एकेक खोट साठवून ठेवत. बाबा मात्र खोट काढण्याचेही कष्ट घेत नसत. ओट्यावर बसून चष्मा काढायचा, मला वरून खाली पाहायचं आणि म्हणायचं, "नापसंत. वापस न्या." दरवर्षी एवढंच. सगळं गाव हसायचं, मीही हसायचो, पण आपल्या बापाने एकदा तरी नीट खोट काढावी असं मला वाटायचं.

पुण्यात पहिल्याच घरमालकीण बाईंनी मेंदी पाहून विचारलं, "नवीनच लग्न झालंय वाटतं? मिसेस कधी येणार?" मी खरं ते सांगितलं. लग्न झालंय, पण वसंताशी, आणि तेही धुळवडीपुरतं. दार बंद झालं. पुढे घर मिळालं, मग सोसायटीत फ्लॅट, मग दाढी, मग पोट. सोसायटीची धुळवड पार्किंगमध्ये होते. आधी नोटीस येते, मग त्वचेला चालणारे रंग येतात आणि जेवणाआधी सगळे आंघोळ करून मोकळे. ऑफिसात ट्रॅडिशनल डे असतो. त्या दिवशी फेटा बांधून आम्ही फोटो काढतो आणि परत मीटिंगला बसतो. सोंगच ते, पण कोणी दारात उभं करून नापसंत करत नाही.

यंदा रजा टाकून धुळवडीला गावी गेलो. अंगात नवाकोरा पांढरा कुर्ता. आमच्याकडे गावच्याला चिखल आणि पाहुण्याला टिळा, हे ठरलेलं आहे. वसंता समोर आला, हात पुसला, एका बोटाने माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाला, "या भाऊ, बसा." कोणीतरी खुर्ची आणली. ज्याच्या कॅरिअरवर मी इतकी वर्षं बसलो तो मला अहोजाहो करत होता. मला फार वाईट वाटलं. चहाही आला, बशीसकट.

चहा तसाच ठेवून मी घरात गेलो आणि मायकडे हिरवी साडी मागितली. "पोट पाह्य आपलं," माय म्हणाली, "निऱ्या कुठी खोचशीन?" पण साडी काढून दिली. यंदाची नवरी म्हणजे वसंताचा चुलतभाऊ, वेणीमुळे डोकं खाजवून हैराण झाला होता. त्याने ती आनंदाने माझ्या डोक्यावर ठेवली. वसंताने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, खाली वाकला आणि ओंजळभर चिखल माझ्या दाढीला फासला. "बस बे मांगं," तो म्हणाला.

कॅरिअर वाकलं. दारोदार नापसंत होत गेलो. "हे नवरी हाये का सोयाबीनचं पोतं?" "बाप्पा, हिले तं माह्यापेक्षा मोठी दाढी हाये!" दर खोटीला मी लाजत होतो आणि आतून सुखावत होतो.

शेवटी आमचं घर. बाबा ओट्यावर. चष्मा काढला. मला वरून खाली पाहिलं. मी तोच जुना शब्द ऐकायला मान खाली घालून उभा राहिलो.

"पसंत हाय," बाबा म्हणाले. "राहू द्या इथंच."

डबे थांबले. असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. आतून मायचा आवाज आला, "अवो, इतक्यायले भजे? बेसन कुठी हाये घरात?"

"चक्की आपलीच हाये नं," बाबा म्हणाले. चण्याची डाळ घेऊन ते उठले, आणि सणाच्या दिवशी बंद असलेली चक्की सुरू झाली. सारं वऱ्हाड अंगणात बसलं. भजी तळायला मायच्या शेजारी मी, साडीतच.

दुसऱ्या दिवशी मला निघावं लागलं. घर म्हणजे काय, असं मला आता कोणी विचारलं तर मी म्हणेन, जिथे आपण पसंत आहोत आणि जिथे आपण राहत नाही, ते.

पुण्यात पोचून ऑनलाइन मीटिंगला बसलो तोच वसंताचा फोन. "काय बे, पळाली नवरी! तुह्या बाबानं निरोप देला हाये. नांदायले कधी येते, इचार म्हणे."

डोळ्यांत काजळ गेलंय, असं मीटिंगमध्ये सांगून मी कॅमेरा बंद केला.