उजव्या पायाची उंची

माझा मोठा भाऊ लोकांच्या उणिवा झाकण्यात पटाईत. शिंपीच आहे तो. एखाद्याचा खांदा उतरलेला असला, तर दादा चकार शब्द न काढता कोटाच्या त्या बाजूला आतून कापसाची एक जादा पट्टी घालतो, आणि गिऱ्हाईक आरशासमोर ऐटीत उभं राहतं. "माणूस सरळ करणं आपलं काम नाही," तो म्हणतो. "कपडा सरळ दिसला की झालं." सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी त्याच्याच दुकानात काजं-बटणं आणि हातशिलाई करते. त्याला मास्तर न म्हणणारी तिथे मी एकटीच.

त्याचा स्वतःचा खुबा बिघडला तेव्हाही त्याने झाकाझाकच केली. आधी नुसता लंगडायचा. विचारलं की कारण तयार: चप्पल चावते, बसून पाय आखडला, हवा बदलली. दुखायचं जांघेत, तिथून कळ मांडीत उतरायची. खालच्या फळीवरचे कापडाचे गठ्ठे हळूहळू वरच्या फळीवर गेले. हातात काठी आली, ती म्हणे गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. वाकता येईना म्हणून मोजे वहिनी घालून द्यायला लागली, तर हा तिलाच म्हणतो कसा, "तुझ्या हातचे मोजे नीट बसतात बुवा." आणि मग एक दिवस तो स्वतःच्या पँट स्वतः वाळत घालायला लागला.

जन्मात कधी ओला टॉवेल दोरीवर न टाकलेला माणूस! वहिनीला आधी कौतुक वाटलं, मग संशय आला. एका सकाळी तिने मागच्या अंगणातून मला हाक मारली. दोरीवर दादाच्या पँट कमरेकडून चिमटे लावून ओळीने लटकत होत्या आणि प्रत्येकीचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड होता. आधी दुरुस्त केलेल्यांचा किंचित, अलीकडे केलेल्यांचा चांगला बोटभर.

मी तशीच दुकानात गेले. "पाय आखूड होत चाललाय तुझा."

"पँटची मोहरी जमिनीला घासत होती, वर घेतली. शिंप्याने आणखी काय करायचं?"

"डॉक्टरकडे जायचं!"

"ते काय करणार? कापणार. कापाकापी माझी मी करतो."

त्याला कशाची धास्ती होती ते मला ठाऊक होतं. दुकानात शिवणारे आम्ही चौघं, पण कापड बेततो तो एकटा दादा, आणि तेही उभ्याने, मोठ्या टेबलाभोवती फिरत फिरत. एकदा ऑपरेशन झालं की आपल्याला खुर्चीत बसवून ठेवतील आणि कात्री दुसऱ्याच्या हातात जाईल, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. हट्ट वरवरचा होता. आत माणूस घाबरलेला होता.

वहिनीने वाद घातला नाही. तिने पँट पिशवीत भरल्या आणि नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी होतेच बरोबर.

"कधीपासून त्रास आहे?" बाईंनी विचारलं.

"झाले असतील आठ-पंधरा दिवस," दादा म्हणाला.

वहिनीने पिशवी टेबलावर रिकामी केली. बाई एकेक पँट उलगडून बघत गेल्या आणि बघता बघता त्यांना हसू आवरेना. "मास्तर, हे काही पंधरा दिवसांचं शिवणकाम नाही!"

एक्स-रेत खुबा पुरता झिजलेला दिसत होता. वाटीतला गुळगुळीत थर जाऊन हाड हाडावर घासत होतं. दादाने डोळे मिटून घेतले. पण बाई म्हणाल्या, "नुसता फोटो बघून मी कोणाचं ऑपरेशन करत नाही. आधी साधे उपाय करू. व्यायाम, थोडं वजन कमी, गोळ्या मी देते तेवढ्याच. बेतायला उंच स्टूल घ्या, मधून मधून टेका. आणि ही काठी दुखऱ्या बाजूला कशाला धरलीत? डाव्या हातात धरा."

"आणि एवढं करून नाहीच थांबलं तर?"

"दुखण्यापायी काय काय सोडलंत, त्याच्यावर लक्ष ठेवा. झोप गेली, बसल्या जागी दुखायला लागलं, ज्या कामात जीव आहे ते सुटायला लागलं, तर या. सांधा बदलून लोक कामाला लागतात, मास्तर. मग मात्र उगाच दिवस काढू नका."

दादाने ते सगळं मन लावून केलं. काठी डाव्या हातात गेली, पायऱ्या चढताना तोंड वाकडं करायचं थांबलं, आणि पाय बरा झाल्याच्या बढाया साऱ्या गल्लीने ऐकल्या. काही महिने बरे गेले. मग दुखणं पुन्हा डोकं वर काढायला लागलं. रात्री कुशीवर झोपता येईना, स्टुलावर टेकलं तरी कळ जाईना.

"काय सोडलंस रे?" मी अधूनमधून विचारायची.

"काही नाही," ठरलेलं उत्तर.

त्याच सुमारास आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एका गायिकेचा मखमलीचा लांब कोट शिवायला आला. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात, नाहीतर त्याच कापडाचा एक तुकडा गडद दिसतो आणि दुसरा फिका. शिकाऊ पोरांना दादा हे पहिल्याच दिवशी दरडावून सांगतो. मी कोटाच्या पुढच्या दोन बाजू टाचून हँगरला लावल्या आणि दिवा लावला. एक बाजू काळीभोर, दुसरी राखेसारखी. मी दादाला हाक मारली.

दादाने दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून पाहिलं. इथे आतून पट्टी घालून काही झाकता येणार नव्हतं.

"टेबलाला वळसा घालवत नव्हता," तो म्हणाला. "म्हणून मी कापडच फिरवलं." मग स्टुलावर बसला. "म्हणजे सोडलंय मी. बेतणंच सोडलंय. लाव बाईंना फोन."

आवाज अगदी स्थिर होता. इतक्या दिवसांत मला त्याचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

गायिकेला त्याने चूक स्वतः सांगितली. नवी मखमल माझी, पण थांबावं लागेल, म्हणाला. गायिकेने आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. "थांबते की. हा खांदा आता दुसऱ्या कोणाला दाखवत बसू?" दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला पट्टीचं पहिल्यापासून माहीत होतं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी त्याला वॉकर धरून उभं केलं, आणि त्या स्थितीतही याने नर्सच्या गणवेशाच्या बाह्यांत खोट काढली, तेव्हा वहिनी निर्धास्त झाली. व्यायामाचे दिवस कंटाळवाणे होते. चिडायचा, पण चुकवायचा नाही. बाईंनी परवानगी दिली त्या सकाळी तो दुकानात आला, टेबलावर नवी मखमल पसरली आणि डाव्या हाताने टेबलाची कड धरत सावकाश पूर्ण वळसा घातला. कापड जागचं हललं नाही. मी कौतुकाने काही बोलणार, तेवढ्यात तो खेकसला, "बघतेस काय? कात्री दे."

संध्याकाळी त्याने सगळ्या पँट माझ्यापुढे टाकल्या. "उजव्या पायाची उंची पुन्हा खाली सोड. आणि आधी माप घे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्याला आपलं माप घेऊ दिलं. कमरेपासून जमिनीपर्यंत, आधी डावा, मग उजवा. टेप दोन्हीकडे सारखीच आली. मला रडू फुटलं.

"टेप भिजवू नकोस," तो म्हणाला.

मी पहिली मोहरी उसवायला घेतली. पँट आखूड केली की जादा कापड शिंपी कापून टाकतो, राहिलं तर मोहरी जड पडते. पण दुमड उलगडली आणि आतून सगळं कापड बाहेर आलं. दुसरीतही होतं, तिसरीतही. डॉक्टरचं नाव काढू न देणाऱ्या माझ्या भावाने एकाही पँटचं कापड कापलेलं नव्हतं.