वाडा चालतो, यात अलंकार कुठला?

"मॅडम, पोरीकडून माफीनामा घ्या आणि विषय मिटवा," प्राचार्य म्हणाले. समोर टेबलावर सोनालीचा पेपर. वर लाल शाईत मोठं शून्य आणि बाजूला शेरा : 'उद्धट'.

सोनाली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. घरी मेंढरं. पेपर मराठीच्या इंटर्नलचा, म्हणजे कॉलेजनं घ्यायच्या परीक्षेचा. त्यात वेगळं पास व्हावं लागतं, नाहीतर विषय अडकतो. विषय अडकला तर कॉलेज बंद, असं तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलेलं. पेपर काढला आणि तपासला तो ढवळे सरांनी. सर आमच्याच संस्थेच्या बीडच्या कॉलेजातले; संस्थेत इंटर्नलचे पेपर असे एकमेकांच्या कॉलेजातून काढून, तपासून घेतात. अलंकारांवर त्यांचं गाइड आहे आणि ते खपतंही चांगलं.

प्रश्नात कवितेच्या दोन ओळी होत्या :

उजाडता उजाडता वाडा निघाला चालत,
मागं चुलीची राख, पुढं घोड्यावर बिऱ्हाड.

अलंकार ओळखा आणि स्पष्ट करा. सरांना हवं होतं 'चेतनागुणोक्ती'. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवलं की हा अलंकार होतो. सोनालीनं लिहिलं होतं : 'यात अलंकार नाही. वाडा खरंच चालतो. प्रश्न काढणाऱ्यांनी वाडा पाहिलेला नाही.'

तिसरं वाक्य लिहायला नको होतं, मान्य. पण त्या एका वाक्यापायी सरांनी सगळा पेपर शून्य केला होता. बाकीच्या उत्तरांवर त्यांच्याच हातच्या बरोबरच्या खुणा होत्या. शेजारचे मार्क नंतर खोडलेले. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

शहरात वाडा म्हणजे चौकाचं मोठं घर. आमच्याकडच्या मेंढपाळांत वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बायका-पोरं असा सगळा फिरता संसार. पाऊसकाळ सरला की वाडा निघतो. घोड्यावर बिऱ्हाड बांधून, चालत.

"सर," मी प्राचार्यांना विचारलं, "तुमच्या पाटोद्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवता ना?"

"दरसाल."

"ती आली की घरात काय सांगता?"

"वाडा आला म्हणतो."

"कसा येतो? एसटीनं?"

ते हसले. मी हसले नाही. "ढवळे सरांना बोलवून घ्या," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सर आले. बसायच्या आधीच सुरू झाले. "मॅडम, कविता म्हणजे पोलीस पंचनामा नव्हे. वाडा ही वास्तू. वास्तू चालायला लागते, तिथंच सौंदर्य आहे."

"सर, मुख्यार्थबाध तुम्हीच शिकवता." मुख्यार्थबाध म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ अडणं. तो अडला तरच दुसरा अर्थ शोधायचा, हा आमच्या विषयातला अगदी पहिला नियम. "इथं काय अडलंय? दुसऱ्या ओळीत घोडं आहे, बिऱ्हाड आहे. वास्तू घोड्यावर बसते का?"

"गाइडात हेच उदाहरण हाय."

"गाइड तुमचंच आहे."

"प्रमाण मराठीत वाडा म्हणजे घरच. पुण्या-मुंबईचा वाचक काय समजंल?"

"पुण्या-मुंबईचा वाचक हा पेपर लिहायला बसला नव्हता. आणि सर, तुम्ही वडवणीचे. तुम्ही हा शब्द ऐकलाच नाही, हे मी मानणार नाही."

सर भडकले. "ऐकलाय की! वाड्यामागं कोकरं धरीत पळालोय मी लहानपणी. मला लई शिकवू नका. पण पेपरात ते चालत न्हाई!"

माहीत नसतं तर मी समजू शकले असते. नवा शब्द कळला, मार्क दिले, संपलं. पण यांना माहीत होतं. स्वतःच्या गावचा शब्द यांनी गाइड लिहिताना गिळला आणि पोरीनं तो लिहिला म्हणून तिला उद्धट ठरवलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "विभागप्रमुख म्हणून मार्कलिस्टवर माझी सही लागते. ती मी करणार नाही. पेपर जोडून युनिव्हर्सिटीला पत्र लिहिते."

"दोन मार्कांच्या प्रश्नासाठी कावून ताणताय, मॅडम?" प्राचार्य कळवळले.

"दोन मार्क नाहीत सर, पोरीचं शिक्षण आहे."

युनिव्हर्सिटीचं नाव निघाल्यावर दोघांचाही आवाज खाली आला. ढवळे सरांनी शेरा खोडला. खोडलेले मार्क परत दिले. माफीनामा रद्द. पण त्या प्रश्नाला शून्यच ठेवलं. तिथं ते शेवटपर्यंत हलले नाहीत. तेवढ्यावर सोनाली पास होत होती. मी सही केली.

तिला बोलावून सांगितलं. पोरगी खूश झाली नाही.

"मंग त्या उत्तराचं काय, मॅडम?"

"त्याला शून्य."

"पण ते बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे."

"मंग शून्य कावून?"

"सर हट्टी आहेत," एवढंच मला सांगता आलं. तिनं मान हलवली आणि गेली.

दुसऱ्या वर्षाला तिनं मराठी सोडून भूगोल घेतला. माझ्या वर्गातली कविता नीट वाचणारी एकच मुलगी. व्हरांड्यात गाठून विचारलं, "काय गं, मराठीवर रागावलीस?"

"राग न्हाई, मॅडम. भूगोलात नदी वाहती असं लिहिलं की मार्क देत्यात."

हल्ली अलंकार शिकवताना मी व्याख्या शेवटी सांगते. ओळीतला शब्द तुमच्या घरी कशाला वापरतात, ते आधी विचारते. पद्धत चांगली आहे. सोनालीच्या काही उपयोगाची नाही.