हळदी पुडी

माझ्या माहेरी, साताऱ्याला, पोरींच्या तोंडाला कायम काही ना काही फासलेलं असायचं. मसुरीचं पीठ, साय, संत्र्याची वाळवलेली साल, कचोरा. केसांना माका आणि जास्वंद. त्यात कौतुक करण्यासारखं काही आहे असं आम्हांला कधी वाटलं नाही. दात घासायचे तसं हेही करायचं. पन्नासच्या दशकात लग्न होऊन मी बंगळूरला आले, तेव्हा आईनं ट्रंकेत दोन साड्यांच्या मध्ये उटण्याच्या सामानाचा डबा ठेवला होता. त्या डब्यानंच पुढे माझा घात केला.

सासर चिकपेटेत. खाली कापडाचं दुकान, वर घर. माणसं मराठीच, पण चार पिढ्या इथं काढलेली, त्यामुळे निम्मं बोलणं मला कळायचं नाही. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. सासूबाई "जरा"च्या जागी "स्वल्प" म्हणायच्या आणि "बरं"च्या जागी "सरी". माझ्या मराठीला ते सगळे तोंडावर हसत. मी त्यांच्या मराठीला मनातल्या मनात हसत असे, सुनेला तेवढीच मुभा.

नवरा दिवसभर खाली दुकानात. घरात माझ्याशी नीट बोलणारी एकच, माझी नणंद. माझ्याहून वर्षानं लहान. तरी मी रीतीप्रमाणे त्यांना वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. त्याही मला "वहिनी, तुम्ही" असंच म्हणत. वन्सं शाळा शिकलेल्या होत्या, टायपिंगची परीक्षा पास झालेल्या होत्या, आणि एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्टच्या जागेसाठी त्यांनी अर्ज टाकला होता. अण्णांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आधी लग्न. मग तुझ्या नवऱ्याला विचार." अण्णांसमोर वन्सं कधीच तोंड उघडत नसत.

दुपारी त्या मला कानडी शिकवायच्या आणि मी त्यांच्या केसांना माहेरचे प्रयोग करायची. आवळा म्हणजे नेल्लिकायी, मेथी म्हणजे मेंत्या, जास्वंद म्हणजे दासवाळ. मेथी भिजवून वाटायची, जास्वंदीची पानं चुरून त्यांचा बुळबुळीत रस काढायचा आणि डोक्याला चोळायचा. सासूबाईंचा विश्वास फक्त एरंडेलावर. शनिवारी सगळ्या घराला त्या एरंडेल थापून न्हाऊ घालायच्या, आणि माझ्या वाटणांकडे "हे काय शेवाळ?" अशा नजरेनं बघायच्या. पण दोन महिन्यांत वन्संचे केस खरंच सुधारले. गळायचे थांबले. सासूबाईंनी वेणी घालताना ती हातात तोलून बघितली आणि म्हणाल्या, "सुनेच्या हातात काहीतरी आहे हं." त्या दिवशी मी आनंदानं दोन घास जास्त जेवले.

मग होसकोट्याचं स्थळ आलं. धान्याचा व्यापार, मोठं घर, मुलगा एकुलता. मुलाच्या आईला म्हणे गोरी सून हवी होती. वन्संचा रंग सावळा, आणि तो त्यांना शोभायचा. पण माझं मत कोण विचारतंय? सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं आणि म्हणाल्या, "रविवारी चारला येतायत. तुझं ते उटणं लाव हिला. हिचं जमलं तर जन्मभर तुझं नाव घेईन." सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात कुणी मला काही काम विश्वासानं सोपवलं होतं. मी हरखून गेले. हे जमलं की मी या घरची झाले, असंच मी धरून चालले होते.

डबा उघडला तर सगळं होतं, हळद तेवढी संपलेली. स्वयंपाकघरातली मागितली. सासूबाई म्हणाल्या, "अन्नातली हळद तोंडाला नाही. दुकानातून आण." आमच्या गल्लीच्या टोकाला मुळ्या, जडीबुटी, पूजेचं सामान विकणारं दुकान होतं. मी एकटीच निघाले. हळदीला कानडीत काय म्हणतात हे मी वन्संना विचारलं नव्हतं, कारण मला ते येतंय अशी माझी पक्की खात्री होती. खाली दुकानात गिऱ्हाइकं "हळदी सीरे" मागायची आणि गुमास्ता पिवळीधमक साडी काढायचा. सीरे म्हणजे साडी हे ठाऊक होतं. तेव्हा हळदी म्हणजे हळदच, दुसरं काय असणार! पूड म्हणजे पुडी, द्या म्हणजे कोडी. झालं.

"हळदी पुडी कोडी," मी दुकानदाराला म्हटलं.

त्यानं विचारलं, "हळदी बण्णाना?"

ते बण्णा काय ते मला कळलं नाही. पण आपल्याला भाषा येत नाही हे दाखवायचं नव्हतं, म्हणून मी ठसक्यात म्हटलं, "हौदु, हौदु." त्यानं पुडी बांधून दिली. मी मान ताठ करून घरी आले. कुणाचीही मदत न घेता मी बंगळुरात पहिली वस्तू विकत आणली होती.

बंगळूरच्या गारठ्यानं माझं नाक तेव्हा कायम चोंदलेलं असायचं. हे सांगायलाच हवं, नाहीतर मी अगदीच बावळट ठरेन.

रविवारी सकाळी न्हाणीघरात मी पितळी वाटीत उटणं कालवलं. रंग असा सुरेख आला की मीच खूश. वन्सं पाटावर बसल्या. मी पहिलं बोट त्यांच्या गालाला लावलं. त्यांनी नाक जरासं वर केलं, वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, थंड लागलं असेल.

"लावा वहिनी," त्या म्हणाल्या. "मानेलाही लावा."

मी मानेला लावलं. कानांना लावलं. अर्धा तास वाळू दिलं. मग ऊन पाण्यानं धुतलं तेव्हा पीठ निघालं, रंग निघाला नाही. हळदीचा रंग थोडा राहतोच, म्हणून मी पुन्हा धुतलं. साबण लावला. लिंबू चोळलं, चिंच चोळली, दही लावलं. वन्संचं तोंड पिवळंच, आणि माझे तळहातही. सासूबाई आत आल्या, त्यांनी पुडीचा कागद उचलला, नाकाशी नेला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, ही अरिशिन कुठे आहे? हा रंग आहे, रंग! रांगोळीतला!"

तेव्हा मला कळलं की कानडीत हळदीला अरिशिन म्हणतात. हळदी म्हणजे नुसतं पिवळं आणि बण्णा म्हणजे रंग. त्या बिचाऱ्या दुकानदारानं मला सरळ विचारलं होतं, "पिवळा रंग का?" आणि मी त्याला ठसक्यात हो म्हटलं होतं.

चार वाजता पाहुणे आले. सासूबाईंनी वन्संच्या तोंडावर पावडरीचे थर दिले होते, त्यामुळे त्या आणखीच आजारी दिसत होत्या. मुलाच्या आईनं उप्पिट संपवलं, बशी खाली ठेवली आणि अगदी मायेनं विचारलं, "कावीळ होऊन गेली का हो हिला?" अण्णा खाकरले. मी दाराआड उभी होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. वन्सं खाली मान घालून शांत बसल्या होत्या. पाहुणे शेवटच्या बसच्या आत परत गेले आणि आठवड्यानं नकाराचं कार्ड आलं.

त्याच महिन्यात कारखान्याचं पत्र आलं. दुसरं स्थळ मिळेपर्यंत जाऊ दे, असं अण्णा चिडून म्हणाले. वन्सं कामाला लागल्या. दुसरं स्थळ काही लवकर मिळालं नाही, आणि मिळालं तोवर वन्संना चांगला पगार होता आणि त्यांनी आपल्या मनानं, कचेरीतल्याच एका कारकुनाशी लग्न ठरवलं. त्यांचं बरं झालं. मला त्याचा आनंदच होता.

माझं काय झालं ते सांगते. सासूबाई मला कधी वेडंवाकडं बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून मी दुकानातून हळद आणली की त्या हात पुढे करायच्या. पुडी सोडायच्या, वास घ्यायच्या, मगच डब्यात ओतू द्यायच्या. पाहुण्यांसमोरसुद्धा. मला कानडी फाडफाड यायला लागली, मला दोन मुलं झाली, घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या, तरी तो हात पुढे यायचाच. मी आतल्या आत जळायची. साठ साल उलटून गेलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. उठून बसता येत नव्हतं, तरी हळद आली की चादरीखालून हात बाहेर. मी पुडी त्यांच्या नाकाशी धरायची.

त्या गेल्या. चौथ्या महिन्यात वन्सं राहायला आल्या. शनिवार होता. मी न्हाणीघरात त्यांच्या डोक्याला एरंडेल चोळत होते. आता मीही एरंडेलवाली झाले होते. सासूबाईंची आठवण निघाली, आणि त्या हात कशा पुढे करायच्या ते मी हसत हसत सांगितलं. निदान हसत सांगायचा प्रयत्न केला.

वन्सं पाठमोऱ्याच म्हणाल्या, "वहिनी, मला पहिल्या बोटालाच कळलं होतं. हळदीचा वासच नव्हता त्याला."

माझा हात त्यांच्या केसांत तसाच थांबला.

"मला होसकोट्याला जायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "अण्णांना सांगायची छाती नव्हती. म्हटलं, आपोआप मोडतंय तर मोडू दे."

"आणि मी?" मी ओरडलेच. "चौदा वर्षं! चौदा वर्षं त्यांनी माझ्या हळदीचा वास घेतला, आणि तू समोर बसून बघत होतीस?" जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अगं-तुगं केलं.

त्या रडायला लागल्या. तेल कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "उद्या सगळ्यांना बसवून सांगते," म्हणाल्या. "ह्यांना, दादाला, अण्णांना. सगळ्यांना सांगते, की चूक तुमच्या एकटीची नव्हती."

मी शिकेकाईचं भांडं पुढे ओढलं आणि त्यांच्या डोक्यावर ऊन पाणी ओतलं.

"त्यांना कशाला सांगतेस?" मी म्हटलं. "ते कुठे वास घेत होते?"