सुगंधाबाईंच्या बाहुलीचे टाके

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात सुगंधाबाईंनी शिवलं नाही असं काही उरलंच नव्हतं. ब्लाउज, परकर, गणवेश, एवढंच काय, वरच्या मजल्यावर रंगीत टीव्ही आला तेव्हा त्यालाही झालरीचं झबलं यांनीच शिवलं. हाताखाली शिकणाऱ्या मुलींचा टाका सूतभर वाकडा गेला, की बाई तो उसवून टाकत. "माझ्या आईचा हात बघितला असतास ना, तर सुई खाली ठेवली असतीस," असं वर ऐकवत.

आणि अशा बाईंच्या कपाटात आईच्या हातची चिंध्यांची बाहुली कित्येक वर्षं फाटकी पडून होती. हात लोंबत होता, काखेतून कापूस डोकावत होता. आई गेली तेव्हा सुगंधा नऊ वर्षांची. आईचं म्हणून एवढंच उरलेलं. दुरुस्त करायची तर जुने टाके उसवायला हवेत, म्हणून बाई तिला सुई लावतच नसत.

एका दुपारी कांजूरमार्गहून शेवंती आली. परळच्या चाळीत लहानपणी दोघींनी बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं होतं, चुरमुऱ्यांची पंगत घालून. शेवंती मुलाकडची, नवरी हीच बाहुली. तेव्हापासून दोघी विहिणी, आणि शेवंतीने सासूचा तोरा पन्नाशीतही सोडला नव्हता. तिने पिशवीतून नव्या कोटातला बाहुला काढून पलंगावर बसवला.

"विहीणबाई, रविवारी आमच्या नातीला यांच्या लग्नाचा वाढदिवस करायचाय. सूनबाईंना बाहेर काढा."

बाईंनी कपाटातून काढलेली बाहुली बघून तिने कपाळावर हात मारला. "काय वाट लावलीस गं पोरीची! अख्ख्या विक्रोळीचं शिवतेस आणि आमची सून अशी?"

"आईचे टाके आहेत गं. उसवले तर माझ्याकडे काय राहणार तिचं?" बाईंनी बाहुली छातीशी धरली.

"उसवू नकोस. आधी चष्मा लावून बघ तरी नीट."

चष्मा लागल्यापासून बाईंनी बाहुली जवळून बघितलीच नव्हती. नमस्कार करायचा आणि पुन्हा फडक्यात गुंडाळायची. त्या खिडकीशी गेल्या. एक टाका मुंगीएवढा, पुढचा बोटाएवढा, मग एकावर एक चार. नाक तर सरळ गालावर गेलेलं.

"शेवंते," त्या हळूच म्हणाल्या, "आईला शिवता येत नव्हतं गं!"

मग दोघींची हसून हसून अशी मुरकुंडी वळली, की बाहुला पलंगाखाली गेला आणि शेजारची सुलक्षणा लाटणं हातात घेऊनच धावत आली. काय झालं ते तिला कोणालाच सांगता येईना.

उसवायचं नाही, जुन्या टाक्यांशेजारीच शिवायचं, असं ठरलं. पण बाईंचा हात सरळच जाई, आणि ती सरळ ओळ तिथे परक्या घरची वाटे. स्वतःचेच टाके त्यांनी दोनदा उसवले. तिसऱ्यांदा चष्मा काढून ठेवला. डोळे भरलेले होतेच. तशाच शिवत गेल्या.

शेवंतीने बाहुली उलटीपालटी करून बघितली. "यातले आईचे कुठले नि तुझे कुठले?"

बाईंनी चष्मा लावला. खूप वेळ शोधलं. त्यांनाही सांगता येईना.

"जमलं गं," त्या एकदम ओरडल्या, "एकदाचं आईसारखं जमलं!"