राजम्मांनी विचारलंच नाही

राजम्मा कुणालाही भेटल्या की आधी त्याच्या कपड्याची उलटी बाजू बघत. मी सोलापुरात भाड्याच्या घरात राहायला आले, त्या दिवशी शेजारच्या दारातून पन्नाशीच्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्या साडीचा पदर हातात घेतला, उलटा करून उन्हात धरला आणि म्हणाल्या, "दोन धागं सुटलंत. दुकानदारानं फसवला तुमाला." नाव-गाव त्यानंतर विचारलं.

यंत्रमागाच्या कारखान्यात त्या चादरी तपासायच्या. चादर कितीही झोकदार असो, पालथी करून तुटलेला धागा शोधायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. "वरून समदंच गोड दिसतंय टीचर, उलटून बघायचं," असं त्या उठताबसता म्हणत. मी सात रस्त्याजवळच्या शाळेत शिकवते हे कळल्यापासून मी त्यांची 'टीचर' झाले होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. मराठीतला बाई-पुरुष हा भेद मात्र त्यांनी कधी मनावर घेतला नाही.

पद्मा त्यांची एकुलती मुलगी. नवरा लवकर गेला, मुलीला त्यांनी एकटीनं वाढवलं. ती प्राणिशास्त्र शिकली आणि थेट अंदमानातल्या एका राष्ट्रीय उद्यानात कासवांचा अभ्यास करायला गेली. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "पद्मा तिकडं काय करते?"

"कासव मोजतो."

"कशाला?"

"ते कासवाला इचारा."

मग स्थळ आलं. मुलगा चांगला, ओळखीतला, घरचे माग. पद्मा फोनवर ना हो म्हणे, ना नाही. मुलाकडच्यांनी महिन्याभराची मुदत दिली. एका सकाळी राजम्मा माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

"पोरगी हट्टी हाय. बापावर गेलाय. मी जाऊन घेऊन येतो. तुमी चला संगट. मला हिंदी येत न्हाय, इमान म्हाईत न्हाय."

मी रजा टाकली. खरं तर मलाही समुद्र बघायचा होता. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे विमान, मग बोट, मग जीप, आणि शेवटी दोन तास जंगलातून पायवाट. झाडं इतकी उंच की मान दुखावी. त्यांची मुळं भिंतीसारखी जमिनीवर उभी. नायलॉनची साडी खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून राजम्मा माझ्यापुढे चालत होत्या. मला दम लागला, त्यांना नाही. जंगल एकदम संपलं आणि समोर नुसती वाळू, नुसतं पाणी. वाट बघत उभी असलेली पद्मा सोडली, तर एक माणूस नाही. मला हसावं की रडावं कळेना. राजम्मांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पद्माकडे बघत होत्या.

पद्मा काळवंडली होती, केस पोरासारखे कापलेले. राजम्मांनी तिच्या शर्टाची कॉलर उलटी केली. फाटलेली कॉलर मासे धरायच्या दोऱ्यानं शिवली होती. मला वाटलं, आता स्फोट होणार. त्यांनी कॉलर परत नीट केली आणि विचारलं, "जेवलास का?"

आमच्याकडे पाच दिवस होते. पहाटे भरती ओसरली की पद्मा किनाऱ्यावर कासवांच्या खुणा शोधत चालायची, आम्ही मागे. पहिल्याच सकाळी तिनं एका जागी काठी रोवली. "इथं अंडी आहेत."

राजम्मा उकिडव्या बसल्या. बराच वेळ वाळू निरखली. "न्हाय. आला, बसला, परत गेला. खालची वाळू वर आलाच न्हाय. हे बघ, समदी कोरडी हाय."

पद्मानं हातानं हळूहळू उकरलं, खोलवर चाचपलं आणि हात झटकले. "अम्मा बरोबर सांगतीये, अक्का," ती मला म्हणाली आणि काठी उपटली. आम्ही आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग मायलेकी तेलुगूत बोलत पुढे निघाल्या. मला एक शब्द कळत नव्हता. मी मनाशी म्हटलं, विषय निघाला असणार.

दुपारी राजम्मांना गाठून विचारलं, "काय ठरलं?"

"कशाचं?"

"मग एवढं काय बोलत होता?"

"कासवाचं."

तिसऱ्या दिवशी एक खाडी ओलांडायची होती. पद्मा एकदम थांबली. पलीकडच्या चिखलात कुणी पोट घासत गेल्याची रुंद, ओली खूण होती. "मगर आहे," ती शांतपणे म्हणाली. "थोडं थांबू." आम्ही तासभर एका पडलेल्या झाडावर बसलो. राजम्मा चिखलावरची नजर काढेनात.

"हितं रोज येतो तू?"

"हंगामात रोज."

"एकटा?"

पद्मा काठीनं चिखल उकरत राहिली. मला वाटलं, झालं, आता हिला हाताला धरून घरी नेतील. राजम्मांनी पिशवीतून भाकरी काढली, शेंगाची चटणी घातली आणि आधी पद्माच्या हातात दिली.

निघायच्या दिवशी धक्क्यावर मी डोळ्यांनी खुणावत राहिले. पद्माही आईच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिनंच विचारलं, "अम्मा, तुला काही बोलायचं होतं ना?"

"हां," राजम्मा म्हणाल्या. "केस वाढव." आणि बोटीत चढल्या.

मला राग आला होता. बोट सुटल्यावर मी म्हटलं, "काकू, एवढ्या लांब आलो ते कशाला?"

"बघाया."

"मग बघितलंत ना? काय ठरवलंत?"

"समुद्र लई मोठा हाय टीचर," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

सोलापूरला आल्यावर त्यांनी स्थळाला नकार कळवला. कारणं मात्र माणसागणिक वेगळी. मुलाकडच्यांना सांगितलं, पोरीला खारी हवा मानवली, हितं आजारी पडंल. स्थळ आणणाऱ्या नणंदेला सांगितलं, पत्रिका जुळत न्हाय. पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. नणंदेनं बोलणं टाकलं, ते दोन वर्षं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मुलाच्या शर्टाची शिलाई वाकडी हाय."

त्यांना तिथं आवडलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. बातम्यांत बंगालच्या उपसागरातल्या वादळाचं नाव निघालं की त्यांना जेवण जात नसे. एकदा मी वैतागून म्हटलं, "एवढी भीती वाटते तर बोलवून घ्या ना तिला."

"मग कासव कोण मोजणार?" त्यांनी मलाच विचारलं. चेष्टा करत होत्या की खरंच विचारत होत्या, मला समजलं नाही. त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहून हे मला बहुतेक वेळा समजलं नाही.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला, तो छातीत उतरला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. पद्मा पोचली तेव्हा सगळं आटोपून अर्धा दिवस झाला होता. दिवसकार्य होईपर्यंत ती राहिली. जायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे चहाला आली, कप तसाच ठेवून बसून राहिली.

"अक्का, तेव्हा अम्मा मला न्यायलाच आली होती ना?"

"हो."

"मग विचारलं का नाही तिनं? मी पाच दिवस वाट बघत होते."

"तू नाही म्हणशील, याची धास्ती असेल," मी म्हटलं. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत अशीच घातली होती.

पद्मानं मान हलवली. "मी हो म्हणणार होते. तिला त्या जंगलातून चालत येताना बघितलं तेव्हाच ठरवलं होतं. तिनं नुसतं चल म्हटलं असतं, तर मी त्याच बोटीत बसले असते."

ते पाच दिवस मी पुन्हा डोळ्यांपुढे आणून पाहिले. "तिला ते कळलं असेल का गं?" मी विचारलं.

"अम्माला? मी न बोललेलं तिला कळायचं." तिनं गार झालेला चहा बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे तिनंच मला तिथं ठेवलं."

हे ती आईला दोष देत म्हणाली की आणखी कशानं, मला अजून उलगडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती चेन्नईच्या गाडीनं परत गेली. कासवांचा हंगाम सुरू झाला होता.