नर्सबाईंच्या घरची खबर

छत्रीची मूठ दारावर आपटायच्या आणि बाहेरूनच ओरडायच्या, "जित्ते आहात का रे घरात?" मानमोडीच्या, म्हणजे त्या जीवघेण्या फ्लूच्या साथीत लोणावळ्यातल्या आम्हा रेल्वेवाल्यांची सकाळ नर्सबाईंच्या या हाकेनं व्हायची. कुणी कण्हत ओ दिली की, "मग उघडा तोंड!" म्हणत ते कडूजहर औषध घशात ओतायच्या.

बाई नगरकडच्या ख्रिस्ती. नवरा घाटातल्या इंजिनावर फायरमन, मुसलमान. लग्न झालं तेव्हा पाद्र्यांनी बाईंचं नाव चर्चच्या वहीतून खोडलं. जमातीतले वडीलधारे नवऱ्याला म्हणाले, "आधी तिला कलमा पढव." तो म्हणाला, "तिचा देव तिच्यापाशी, माझा माझ्यापाशी." झालं! वलवणच्या वाटेवरच्या त्यांच्या खोलीची पायरी दोन्हीकडच्यांनी सोडली. आम्ही हिंदू तरी कुठले शहाणे, तुम्हीच सांगा! औषध घ्यायचो आणि त्यांची पाठ वळली की उंबऱ्यावर पाणी शिंपडायचो. बाईंना ते ठाऊक होतं. "शिंपडा, धूळ तरी बसेल," म्हणून हसायच्या.

दौंडला माणसं आजारी पडली म्हणून नवऱ्याला तिकडे धाडलं. मी स्टेशनवर तारबाबू. जाताना माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "बाबूजी, घरवालीकडे जरा बघा. तिला विचारणारं दुसरं कुणी न्हाई."

"निर्धास्त जा," मी म्हटलं.

आठवड्यानं बाई दिसेनाशा झाल्या. त्याच दिवशी दौंडहून त्याची तारेवर विचारणा आली, घरी कसं आहे? आमच्या ख्रिस्ती तिकीटबाबूंना विचारलं. "ताप आहे म्हणे. पण त्या आता मुसलमानांतल्या. त्यांच्या बायका बघत असतील." टांगेवाल्या चाचांना विचारलं. "कलमा कुटं पढलीय ती? तिची चर्चवाली बघत असतील." मी मनाशी म्हटलं, चला, एक सोडून दोन घरं बघताहेत! आणि तार ठोकली, 'ऑल वेल'.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणा, पुन्हा 'ऑल वेल'. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांची खोली स्टेशनापासून दहा मिनिटांवर, पण गेलो नाही. साथीची भीती म्हणावी, तर मी तिच्यातून उठलो होतो, तेही बाईंच्याच हातून. त्या घरात शिरताना कुणी पाहिलं तर आळीत काय म्हणतील, एवढंच मनात होतं. सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

चौथ्या दिवशी दुपारच्या गाडीनं तो उतरला. रुमालात बांधलेली सीताफळं माझ्या टेबलावर ठेवली. "घ्या बाबूजी. तुमच्या तारेवर दिवस काढले." आणि तो घराकडे वळला. मी त्याच्यामागे धावत निघालो.

दार आतून लावलेलं. हाकेला ओ नाही. आम्ही दोघांनी ते फोडलं. बाई जाऊन दोन दिवस तरी झाले असावेत. उशाशी तांब्या होता, कोरडा.

तो रडला नाही. तिच्या अंगावर चादर नीट ओढली. मग हळूच म्हणाला, "बाबूजी, कालची तार तुमीच केलती ना?"

मी हो म्हटलं.

त्यानं दाराकडे बोट दाखवून मला बाहेर काढलं.